हिस्टरी, हिस्टेरेक्टॉमी आणि हिस्टेरिया

फाइलवर हिस्टरी, हिस्टोपॅथॉलॉजी, हिस्टेरेक्टॉमी असे शब्द दिसले की ते एकाच घरातले वाटतात. पण ग्रीकमध्ये 'हिस्टोरिया' म्हणजे चौकशी, 'हिस्टोस' म्हणजे विणलेले कापड (म्हणून ऊतींची तपासणी ती हिस्टोपॅथॉलॉजी), आणि 'हिस्टेरा' म्हणजे गर्भाशय. हिस्टेरेक्टॉमी म्हणजे पिशवी काढण्याचे ऑपरेशन.

'हिस्टेरिया' हा शब्दही या हिस्टेरावरूनच आला. गर्भाशय शरीरात भटकते आणि बाईचा श्वास कोंडतो, असे प्राचीन ग्रीक ग्रंथांत चक्क लिहिले आहे! एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या डॉ. शार्को यांनी पुरुषांमध्येही हिस्टेरिया दाखवला, तरी शिक्का बायकांवरच राहिला. १९८० मध्ये अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या आजारयादीत हे नाव मागे पडून 'कन्व्हर्जन डिसऑर्डर'सारखी नावे आली.

त्यामुळे घरात बाईला झटका आला तर 'हिस्टेरिया आहे, होईल शांत' म्हणून सोडून देऊ नका. ती फिटही असू शकते.