महाराष्ट्र एक्सप्रेसमधले आगरकर: आधी स्वतःला प्रश्न

मी कुडव्याहून बोलतोय, म्हणजे गोंदियाला अगदी लागून. आज सुरुवात एका कबुलीने करतो.

मागच्या महिन्यात मी आमच्या फॅमिली ग्रुपवर एक व्हॉइस क्लिप टाकली. एका पोरीवर अन्याय झाला, असं त्यात होतं. ऐकून डोकं तापलं आणि तसंच पुढे पाठवलं. दोन दिवसांनी कळलं, क्लिप बनावट. मोठी आई म्हणाली, "काऊन रे, पाठवायच्या आधी विचारलं होतं काय कोणाले?" मला उत्तर देता आलं नाही. तेव्हा आठवले गोपाळ गणेश आगरकर.

आपल्या गोंदियाहून कोल्हापूरला जाणारी महाराष्ट्र एक्सप्रेस माहीत आहे ना? आगरकरांचं निम्मं आयुष्य त्या गाडीच्या रस्त्यावर आहे. अकोल्यात ते शिकले, तिथूनच १८७५ मध्ये मॅट्रिक झाले. पुण्यात त्यांनी आयुष्यभर काम केलं. कराडजवळच्या टेंभू गावी १८५६ मध्ये त्यांचा जन्म झाला. आणि गाडीचं शेवटचं स्टेशन, कोल्हापूर, तिथल्या प्रकरणाने त्यांना तुरुंग दाखवला.

तर झालं असं. १८८१ मध्ये 'केसरी' सुरू झाला. संपादक आगरकर, वय अवघं २४. 'मराठा' हे इंग्रजी पत्र टिळकांकडे. कोल्हापूरचे तरुण महाराज, चौथे शिवाजी, यांना वेडं ठरवून त्यांचा छळ होतोय, अशी बोंब होती. आरोप होता दिवाण माधवराव बर्वे यांच्यावर. पुरावा म्हणून काही पत्रं हाती आली. दोघांनी ती खरी मानली आणि लिहिलं. बर्व्यांनी खटला भरला आणि ती पत्रं बनावट निघाली! १८८२ मध्ये दोघेही मुंबईच्या डोंगरी तुरुंगात गेले. १०१ दिवस.

आता गंमत बघा. पुढच्याच वर्षी ते महाराज अहमदनगरला, पहाऱ्यात असतानाच मरण पावले. म्हणजे कळवळा खोटा नव्हता, पण हातातला कागद खोटा होता. भावना खरी असली म्हणून पुरावा खरा होत नाही. माझ्या क्लिपचंही तेच झालं होतं.

त्याच १८८३ मध्ये आगरकरांनी शेक्सपिअरच्या 'हॅम्लेट'चं मराठी रूपांतर प्रसिद्ध केलं. नाव काय दिलं? 'विकारविलसित'. बुद्धीचा पुरस्कर्ता माणूस नाटकाच्या नावात विकार आणतो! माणसाच्या मनात राग, दुःख, संशय यांचा केवढा गोंधळ असतो हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून मला वाटतं, विवेक म्हणजे भावना मारून टाकणं नव्हे. आपल्याला राग आलाय हे ओळखायचं, आणि निर्णय मात्र त्या रागाच्या हातात द्यायचा नाही.

पुढे टिळकांशी मतभेद वाढले. १८८७ मध्ये त्यांनी 'केसरी' सोडला आणि १८८८ मध्ये 'सुधारक' काढला. आधी स्वराज्य की आधी समाजसुधारणा, हा वाद आपण शाळेत पाठ केला. पण आगरकरांचा मुद्दा त्याहून खोल होता. ज्या माणसाला घरात 'का?' विचारायची सोय नाही, तो सरकारला काय विचारणार?

१८९१ चा संमतिवयाचा कायदा घ्या. मुलींचं संमतिवय १० वरून १२ होणार होतं. टिळकांचं म्हणणं, परक्या सरकारने आमच्या घरात हात घालू नये. आगरकर कायद्याच्या बाजूने. कारण त्या घरात एक मुलगीही असते, आणि तीही एक व्यक्ती आहे. व्यक्तिस्वातंत्र्य म्हणजे घरातल्या कर्त्या पुरुषाचं स्वातंत्र्य एवढंच नव्हे, बरं का!

याची किंमत मोठी होती. पुण्यात लोकांनी त्यांच्या जिवंतपणी त्यांची प्रेतयात्रा काढली. विचार करा, आज आपल्याला ग्रुपमधून रिमूव्ह केलं तरी रात्रभर झोप येत नाही!

आणि तरी हा माणूस घरात हुकूमशहा झाला नाही. पत्नी यशोदाबाई देवधर्म करायच्या, त्यांनी अडवलं नाही. मला ही गोष्ट सगळ्यात मोठी वाटते. स्वतःची बुद्धी वापरायचा हक्क मागणाऱ्याने तो समोरच्यालाही दिला पाहिजे, नाहीतर तो निव्वळ हेका.

फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य असताना, १८९५ मध्ये, दम्याने खंगलेले आगरकर गेले. वय ३८. स्वतःच्या अंत्यविधीपुरते पैसे त्यांनी आधीच बाजूला काढून ठेवले होते, असं सांगतात. 'केसरी'त मृत्युलेख लिहिला तो टिळकांनीच.

आपण म्हणतो, 'मी माझं मत मांडतो.' पण ते मत खरंच माझं असतं, की सकाळी मोबाइलवर आलेलं? आगरकर जगाला प्रश्न विचारत होते हे आपल्याला माहीत आहे. मला त्यांच्याकडून घ्यायचंय ते त्याच्या आधीचं पाऊल: पहिला प्रश्न स्वतःला.

मी ग्रुपवर माफी मागितली. तीन जणांनी अंगठा दाखवला, एका काकांनी अजून बोलणं सुरू केलेलं नाही. चालतंय. पुढच्या वेळी महाराष्ट्र एक्सप्रेसने गेलात आणि अकोला आलं, की खिडकीतून बघा आणि या पोराची आठवण काढा.

भेटू पुढच्या भागात. तोवर, फॉरवर्ड करायच्या आधी दोन मिनिटं थांबा. हा भागसुद्धा!