'भीगी भीगी'ची मूळ चाल कुणाची? बंगाली रॉकचा 'मोनीदा' गौतम चट्टोपाध्याय

2006 साली आलेल्या 'गँगस्टर' सिनेमातलं 'भीगी भीगी' तुम्ही ऐकलं असेलच. प्रीतमचं संगीत, बांगलादेशचा रॉक गायक जेम्सचा आवाज. पण या गाण्याची चाल मुळात एका बंगाली गाण्याची आहे. ते गाणं लिहिणारा आणि त्याला चाल लावणारा माणूस 'गँगस्टर' येण्याच्या सात वर्षं आधीच गेला होता. त्याचं नाव गौतम चट्टोपाध्याय, मित्रमंडळींचा 'मोनीदा'.

तुरुंगातून गिटारकडे

कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकलेला गौतम सुरुवातीला 'द अर्ज' नावाच्या बँडसोबत पार्क स्ट्रीटच्या हॉटेलांत इंग्रजी गाणी वाजवायचा. पुढे तो नक्षलवादी चळवळीत ओढला गेला आणि तुरुंगातही जाऊन आला. सुटल्यावर काही काळ त्याला बंगालबाहेर राहावं लागलं.

कोलकात्यात परतल्यावर 1975 च्या सुमारास त्याने भाऊ आणि मित्रांना गोळा करून सात जणांचा बँड उभा केला. नाव ठेवलं 'मोहिनेर घोडागुली', म्हणजे 'महीनचे घोडे'. हे नाव आलं कवी जीवनानंद दास यांच्या 'घोडा' या कवितेतून.

त्यांनी वेगळं काय केलं?

तेव्हा बंगाली गाणं म्हणजे सिनेगीत, रवींद्रसंगीत किंवा भावगीताच्या वळणाचं 'आधुनिक गान'. गौतमने एका बाजूने बाऊल लोकसंगीत घेतलं, दुसऱ्या बाजूने रॉक, ब्लूज आणि जॅझ. गाण्यांत शहर आलं, एकटेपणा आला. तो स्वतः गायचा, गिटार वाजवायचा, सॅक्सोफोनही वाजवायचा.

रेकॉर्ड किती निघाल्या?

फक्त तीन:

- 'संबिग्न पाखिकुल ओ कोलकाता बिषयक' (1977)
- 'अजाना उडंत बस्तु बा ऑ-उ-बॉ' (1978)
- 'दृश्यमान मोहिनेर घोडागुली' (1979)

तिन्ही मिळून गाणी मोजकीच. श्रोत्यांना हा प्रकार पचला नाही, टिंगलही झाली. 1981 च्या सुमारास बँड फुटला आणि सगळे आपापल्या नोकरीधंद्याला लागले. गौतम सिनेमाकडे वळला. त्याच्या 'नागमती'ला सर्वोत्कृष्ट बंगाली चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

मग गाणी परत कशी आली?

रेकॉर्ड खपल्या नाहीत, पण कॉलेजच्या पोरांनी ही गाणी तोंडपाठ ठेवली. हे पाहून गौतमने 1995 मध्ये 'आबार बछर कुडी परे' हा अल्बम काढला. नावाचा अर्थ, पुन्हा वीस वर्षांनी. 'भीगी भीगी'चं मूळ गाणं, 'पृथिबीटा नाकि छोटो होते होते', याच अल्बममधलं.

इथे त्याने एक गोष्ट केली, जी बँडचे म्होरके सहसा करत नाहीत. जुनी गाणी स्वतः न गाता त्याने ती क्रॉसविंड्जसारख्या नव्या बँड्सच्या हाती दिली आणि त्यांची स्वतःची गाणीही अल्बममध्ये घेतली. कव्हरवर छापलं, 'मोहिनेर घोडागुली संपादित'. म्हणजे तो आता स्टार नव्हता, संपादक होता. त्यापाठोपाठ अशी आणखी तीन संकलनं आली आणि बांगला बँड्सची अख्खी पिढी उभी राहिली.

20 जून 1999 रोजी गौतमचं निधन झालं. त्याचा मुलगा गौरव पुढे 'लक्ष्मीछाडा' या बँडचा ड्रमर झाला.

आता 'भीगी भीगी' लागलं, तर त्यानंतर लगेच ते मूळ बंगाली गाणंही ऐका. चाल ओळखीची वाटेल, पण मूड पूर्ण वेगळा. हिंदीत ते विरहगीत आहे. बंगालीत मात्र टीव्हीच्या पडद्यापुढे आक्रसत जाणाऱ्या जगाबद्दलची तक्रार आहे.