शेल स्क्रिप्टमधील त्रुटी-व्यवस्थापन

शेल स्क्रिप्ट म्हणजे संगणकाने क्रमाने पाळावयाच्या आज्ञांची यादी. युनिक्स प्रणालीच्या सातव्या आवृत्तीसोबत १९७९ मध्ये स्टीफन बोर्न यांचा शेल आला. १९८९ मध्ये ब्रायन फॉक्स यांनी ‘बॅश’ लिहिला. दोहोंत प्रत्येक आज्ञा संपताना एक आकडा मागे ठेवते. शून्य म्हणजे यश, अन्य आकडा म्हणजे अपयश. आज्ञाच सापडली नाही तर १२७. शेल हा आकडा नोंदवतो, मात्र वेगळी सूचना नसल्यास थांबत नाही; पुढील आज्ञेकडे वळतो.

सुरतजवळील इच्छापोरच्या हिरे-दागिने वसाहतीतील एखाद्या पेढीची कल्पना करावी. साठ्याच्या नोंदींची नवी प्रत दुसऱ्या डिस्कवर घेणे आणि मग जुन्या प्रती पुसणे, ही कामे रात्री स्क्रिप्ट करते. डिस्क भरल्याने प्रत झाली नाही, तरी पुसण्याचे काम होतेच. सकाळी जुनी प्रत नसते आणि नवीही नसते.

हा धोका काल्पनिक नाही. डिसेंबर २०२१ मध्ये जपानच्या क्योटो विद्यापीठातील महासंगणकावरून सुमारे ७७ टेराबाइट माहिती, म्हणजे सुमारे ३ कोटी ४० लाख फायली पुसल्या गेल्या. जुन्या नोंदी काढणारी बॅश स्क्रिप्ट चालू असतानाच तिच्या जागी सुधारित प्रत ठेवली गेली. शेलने पुढचा भाग नव्या प्रतीतून वाचला. त्यातील चलांना मूल्येच मिळाली नव्हती.

उपाय मोजके आहेत. ‘सेट -ई’ लिहिल्यास आज्ञा फसताच स्क्रिप्ट थांबते. ‘सेट -यू’ मूल्य न दिलेले चल आढळताच थांबवते; क्योटोसारख्या प्रसंगासाठीच ती सूचना आहे. एकमेकींना जोडलेल्या आज्ञांत एरवी फक्त शेवटचीचा निकाल धरला जातो. ‘पाइपफेल’ मधल्या आज्ञेचे अपयशही उघड करते. ‘ट्रॅप’मुळे स्क्रिप्ट अर्ध्यावर थांबली तरी तात्पुरत्या फायली काढता येतात व संदेश धाडता येतो.

‘सेट -ई’वर मात्र सर्वस्वी विसंबू नये: ‘इफ’च्या अटीतील अपयशाने ती थांबत नाही. चालू स्क्रिप्टच्या फायलीत थेट बदल करू नये. नवी फाइल वेगळी लिहून नाव बदलून तिथे आणावी. आणि नवी प्रत मूळ नोंदींशी जुळवून पाहिल्याखेरीज जुनी पुसण्याची आज्ञा स्क्रिप्टने देऊ नये.