झांशीची नाटकशाळा

झांशी शहराच्या तटाला जे दरवाजे होते त्यांतील काहींना, ज्या गावाकडे वाट जाई त्या गावाचेच नाव पडले. ओरछा दरवाजा, भांडेर दरवाजा ही अशीच नावे. दतिया दरवाजाही त्यांतलाच. या दरवाजातून निघालेला प्रवासी पहिल्या मुक्कामाला दतियास पोचे, तेथून ग्वाल्हेर व आग्रा करीत मथुरेस जाई. दतियाच्या दरबाराशी कुदऊसिंह या थोर पखवाजवादकाचे नाव निगडित आहे, आणि मथुरा तर गोपगोपींच्या रासलीलेचे माहेरच. कोकणातून आलेल्या नेवाळकरांचे मराठी घराणे अशा वाटेच्या तोंडाशी येऊन राज्य करू लागले, ही गोष्ट त्या घराण्यातील गंगाधररावांच्या नाट्यवेडाचा विचार करताना आम्हांस विसरता येत नाही.

मराठी रंगभूमीचा इतिहास आपण 1843 साली सांगलीस सुरू करतो. चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केले, ते योग्यच. परंतु त्याच दशकात सांगलीहून शेकडो कोस दूर दुसरा एक मराठी राजा स्वतःची नाटकशाळा चालवीत होता, याचा उल्लेख आपल्या नाट्येतिहासात क्वचितच, आणि तोही ओझरताच, येतो. (येथे एक इशारा द्यावासा वाटतो. जुन्या मराठी कागदांत ‘नाटकशाळा’ हा शब्द राजाश्रित कलावंतिणीसाठीही येतो. तेव्हा तो दिसला की रंगमंदिर सापडले, असे मानण्याची घाई करू नये.) 1838 साली रघुनाथराव वारल्यावर गंगाधररावांचा वारसा मान्य झाला, तथापि कर्जबाजारी संस्थानाचा कारभार आणखी काही वर्षे इंग्रजांच्याच हाती होता. ज्याच्या हातून राज्यकारभार काढून घेतला आहे अशा राजाला रंगभूमीवर तरी आपला हुकूम चालावा असे वाटले असेल काय? आम्हांस तसे वाटते.

दरबारी रंगभूमी ही वस्तू युरोपलाही परिचित आहे. तेथील संगीत नाटक, म्हणजे ऑपेरा, जन्मास आले ते मेंढपाळ व वनदेवतांच्या गोष्टी घेऊन, आणि तेही श्रीमंतांच्या वाड्यांत. 1598 च्या सुमारास फ्लॉरेन्स येथे याकोपो पेरीने ‘डाफ्ने’ रचले. त्याचे काव्य छापले गेल्याने उरले, संगीत मात्र थोड्या तुकड्यांखेरीज नाहीसे झाले. उलट 1718 साली लंडनजवळच्या कॅनन्स येथील एका उमरावाच्या वाड्यात हॅन्डेलने मूठभर गायक-वादकांसाठी केलेले ‘एसिस अँड गॅलेटिया’ आजही मोठमोठी गायकवृंदे व वाद्यवृंदे सादर करतात. त्यातले मेंढपाळ आरंभी एकमुखाने रानातील सुख गातात आणि शेवटी त्याच मुखांनी शोक करतात. एक सूत्रधार व त्याचे साथीदार मृदंग-झांजांच्या साथीने सारी कथा गाऊन पुढे नेत, ही भाव्यांच्या नाटकांची रीत ज्यास ठाऊक आहे, त्याला हे फार परके वाटू नये. भेद आहे तो निराळाच. हॅन्डेलचा आश्रयदाता गेला, वाडाही पाडला गेला, परंतु स्वरलिपीत उतरलेली कृती आश्रयदात्यावाचून जगली. आमच्याकडे गाणे गळ्यात राहिले. गळा गेला की गाणे गेले.

झांशीचे नेमके हेच झाले. गंगाधरराव 21 नोव्हेंबर 1853 रोजी वारले आणि पुढल्याच वर्षी संस्थान खालसा झाले. मग आपल्यापाशी उरते ते मुख्यतः विष्णुभट गोडसे यांचे ‘माझा प्रवास’. वरसईचे हे भिक्षुक 1857 साली दक्षिणेच्या आशेने उत्तरेस गेले आणि झांशीच्या वेढ्यात सापडले. गंगाधररावांस त्यांनी पाहिले नव्हते. त्यांच्याविषयी ते लिहितात ते सर्व गावात ऐकलेले. राजा स्त्रीवेष घेई, बांगड्या भरी, अशी कथा त्यांनी नोंदविली आहे. इंग्रज अधिकाऱ्याने कारण विचारले तेव्हा, तुम्ही सर्वच राजांना बांगड्या भरावयास लावल्या आहेत, अशा आशयाचे उत्तर राजाने दिले, असेही ते सांगतात. हे उत्तर खरोखर दिले गेले की झांशीकरांनी आपल्या राजासाठी मागाहून रचले, हा प्रश्न आम्ही फारसा महत्त्वाचा मानीत नाही. पुढील चरित्रकारांनी या स्त्रीवेषाला विक्षिप्तपणा म्हणून हसण्यावारी नेले, हे मात्र आम्हांस खटकते. पुरुषाने स्त्रीभूमिका करणे हा ज्या रंगभूमीचा पुढे कित्येक दशके धर्मच होता, तिच्या रसिकांनी तरी ते हसणे शोभत नाही.

एप्रिल 1858 मध्ये ह्यू रोजच्या फौजा शहरात शिरल्या. त्यानंतरच्या कत्तलीचे व लुटीचे, तसेच राजवाड्यातील ग्रंथसंग्रहाच्या नाशाचे गोडसे यांनी केलेले वर्णन वाचवत नाही. तंजावरची गोष्ट शेजारी ठेवली म्हणजे या नाशाचे माप कळते. तेथे 1684 ते 1712 पर्यंत राज्य करणाऱ्या शहाजीराजांनी मराठीत व तेलुगूत गेय नाटके रचली, ती हॅन्डेलच्याही आधी. सरस्वती महाल ग्रंथालय टिकले म्हणून तंजावरची मराठी नाटके आपल्या हाती आली, आणि भाव्यांच्या दीडशे वर्षे आधीचा अध्याय नाट्येतिहासाला जोडावा लागला. झांशीचा ग्रंथालय-रक्षक कोणी उरला नाही.

त्या जागी मग आख्यायिका व कादंबरी आली. वृंदावनलाल वर्मा यांच्या 1946 च्या ‘झाँसी की रानी’ या हिंदी कादंबरीने नाटकशाळेतील मोतीबाईला घरोघरी पोचविले. तिच्यातील प्रवेश पुरावा म्हणून वापरणारे लेख आम्ही वाचले आहेत. तसे करू नये. पण मोतीबाई ही निव्वळ कल्पना नव्हे. झांशीच्या किल्ल्यात गौस खान व खुदाबक्ष या गोलंदाजांच्या शेजारी तिची कबर दाखवितात, आणि ती गंगाधररावांच्या नाटकशाळेतील नटी होती, अशी तेथील परंपरा आहे.