लॉलर्ड पंथ

लॉलर्ड पंथ : इंग्लंडमध्ये चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात उदयास आलेली व सोळाव्या शतकातील प्रॉटेस्टंट धर्मसुधारणेपर्यंत गुप्तपणे टिकून राहिलेली ख्रिस्ती धर्मचळवळ. ऑक्सफर्ड विद्यापीठातील तत्त्वज्ञ व धर्मशास्त्रवेत्ता जॉन विक्लिफ (सु. १३३०–८४) याच्या विचारांतून ती निर्माण झाली. ‘लॉलर्ड’ ही संज्ञा पुटपुटणारा या अर्थाच्या मध्ययुगीन डच शब्दावरून आलेली असून ती मुळात निंदाव्यंजक होती. अनुयायी स्वतःचा उल्लेख ‘सच्ची माणसे’ किंवा ‘ओळखीची माणसे’ असा करीत. पंथ म्हणून तिचा निर्देश रूढ असला, तरी तिला सर्वमान्य प्रमुख वा निश्चित दीक्षाविधी नव्हता. एकत्र बसून इंग्रजी धर्मग्रंथ वाचणारे व ऐकणारे लहान लहान गट, हेच तिचे खरे स्वरूप होय.

विक्लिफच्या विचारांना तत्कालीन राजकारणाची पार्श्वभूमी होती. फ्रान्सशी चाललेल्या प्रदीर्घ युद्धामुळे राजकोश रिता झाला होता; उलट चर्चजवळ अफाट जमिनी होत्या. १३७४ मध्ये पोपच्या प्रतिनिधींशी वाटाघाटी करण्यासाठी राजाने ब्रूझ येथे पाठविलेल्या शिष्टमंडळात विक्लिफ होता. पापाने लिप्त झालेल्या धर्माधिकाऱ्यास मालमत्तेवर न्याय्य अधिकार राहत नाही व राजसत्तेने ती काढून घ्यावी, हे त्याचे मत जॉन ऑफ गाँटसारख्या सरदारांना सोयीचे वाटले, यात नवल नाही. पोप अकरावा ग्रेगरी याने १३७७ मध्ये त्याच्या मतांचा निषेध केला. तथापि गाँटच्या आश्रयामुळे विक्लिफचे काही बिघडले नाही. १३७८ मध्ये दोन प्रतिस्पर्धी पोप निवडले गेल्यानंतर त्याची टीका अधिक प्रखर झाली. बायबल हेच अंतिम प्रमाण, असे त्याने प्रतिपादिले आणि प्रभुभोजनविधीत भाकरी व द्राक्षारस यांचे मूळ द्रव्य नष्ट होते, हा पदार्थांतराचा सिद्धांत नाकारला. येथे मात्र त्याचे अनेक पाठीराखे दुरावले. चर्चच्या जमिनींवर हक्क सांगणे वेगळे आणि वेदीवरील संस्काराला हात घालणे वेगळे.

१३८१ च्या शेतकऱ्यांच्या बंडात कँटरबरीचा आर्चबिशप सायमन सडबरी याचा शिरच्छेद झाला. बंडाशी विक्लिफचा प्रत्यक्ष संबंध नव्हता. परंतु विरोधकांनी तो जोडला. नवा आर्चबिशप विल्यम कोर्टनी याने मे १३८२ मध्ये लंडनच्या ब्लॅकफ्रायर्स मठात धर्मसभा बोलावून विक्लिफची २४ विधाने दोषार्ह ठरविली. सभा चालू असतानाच भूकंप झाला. पृथ्वी पाखंडाचे विष बाहेर टाकीत आहे, असा त्याचा अर्थ कोर्टनीने लावला. विक्लिफने त्यातच धर्मसभेविरुद्धचा ईश्वरी कौल पाहिला. ऑक्सफर्डमधील त्याच्या शिष्यांवर दडपण आले. त्यांपैकी फिलिप रेपिंग्डन मते मागे घेऊन पुढे लिंकनचा बिशप झाला. स्वतः विक्लिफ लटरवर्थ येथील आपल्या परगण्यात ३१ डिसेंबर १३८४ रोजी मृत्यू पावला.

चळवळीचे सर्वांत मोठे कार्य म्हणजे संपूर्ण बायबलचे पहिले इंग्रजी भाषांतर. ते हीब्रू वा ग्रीकवरून नव्हे, तर व्हल्गेट या लॅटिन पाठावरून केले गेले. त्यात विक्लिफचा स्वतःचा वाटा किती, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. ते अनेकांच्या सहकार्याचे फळ असावे, हे मत आज बहुधा ग्राह्य मानले जाते. त्याची दोन रूपे आढळतात. पहिले इतके शब्दनिष्ठ आहे, की लॅटिन वाक्यातील पदांचा क्रमही पुष्कळदा तसाच राहिला आहे व इंग्रजी वाक्य अवघडलेले भासते. १३९० च्या दशकात पूर्ण झालेल्या दुसऱ्या रूपात भाषा मोकळी झाली. त्याच्या प्रास्ताविकात भाषांतराची रीत सांगितली आहे : प्रथम अनेक जुन्या लॅटिन प्रती जमवून पाठ शुद्ध करावयाचा, मग व्याकरणकार व भाष्यकार यांच्या साहाय्याने अवघड स्थळे उलगडावयाची आणि शब्दापेक्षा वाक्याचा अर्थ उतरवावयाचा. पाखंडी म्हणून हिणविलेल्या मंडळींची ही शिस्त लक्षणीय आहे. या बायबलची, संपूर्ण वा अंशरूप, अडीचशेहून अधिक हस्तलिखिते उपलब्ध आहेत. त्यांतील एक सहाव्या हेन्रीच्या संग्रही होते व त्याने ते लंडनच्या कार्थूझियन मठास दिले. ज्या ग्रंथापायी गरिबांवर खटले भरले गेले, तो राजाकडे निर्वेधपणे असू शकत होता.

वाद खरोखर भाषेचा होता. न्यायालये, पार्लमेंट व काव्य यांत इंग्रजीला नुकतेच स्थान मिळू लागले होते. चॉसर त्याच काळात लिहीत होता आणि सर जॉन क्लॅनव्हो, सर ल्यूइस क्लिफर्ड हे लॉलर्डांविषयी सहानुभूती बाळगणारे सरदार त्याच्या स्नेहमंडळात होते. १३९५ मध्ये लॉलर्डांनी आपली बारा कलमे वेस्टमिन्स्टर हॉलच्या दारावर इंग्रजीतच लावली. त्यांत धर्माधिकाऱ्यांचे ब्रह्मचर्य, मूर्तींपुढील यात्रा, पापनिवेदन व युद्ध यांना विरोध होता.

चौथ्या हेन्रीच्या राज्यारोहणानंतर (१३९९) राजसत्ता व चर्च एकत्र आली. १४०१ मध्ये पाखंड्यांस जाळण्याचा कायदा झाला आणि त्याच वर्षी विल्यम सॉत्री या धर्मोपदेशकास जाळण्यात आले. आर्चबिशप टॉमस अरंडेल याने १४०९ मध्ये जारी केलेल्या नियमांनुसार परवानगीवाचून बायबलचे इंग्रजी भाषांतर करणे व विक्लिफच्या काळापासूनची भाषांतरे वाचणे निषिद्ध ठरले. १४१० मध्ये जॉन बॅडबी या शिंप्यास लंडनच्या स्मिथफील्ड येथे जाळण्यात आले. तो ओरडला, तेव्हा उपस्थित असलेल्या युवराज हेन्रीने आग बाजूस सारविली व मते सोडल्यास निर्वाहवेतन देऊ केले. बॅडबीने नकार दिला व पुन्हा आग पेटविण्यात आली. हाच युवराज पाचवा हेन्री झाल्यावर त्याचा एके काळचा सहकारी सर जॉन ओल्डकासल याने टॉवरमधून निसटून जानेवारी १४१४ मध्ये बंडाचा प्रयत्न केला. तो फसला; ओल्डकासल १४१७ मध्ये पकडला जाऊन मारला गेला. बंडामुळे लॉलर्ड म्हणजे राजद्रोही, हे समीकरण पक्के झाले व वरिष्ठ वर्गाने चळवळीकडे पाठ फिरविली.

यापुढचा इतिहास विणकर, शिंपी, कातडी कमावणारे व त्यांच्या घरांतील स्त्रिया यांचा आहे. तो मुख्यत्वे त्यांच्यावरील खटल्यांच्या दप्तरांतून कळतो. हे दप्तर आरोप करणाऱ्यांनी लिहिलेले असल्याने ते सावधपणे वाचावे लागते. तरीही त्यातून माणसांचा आवाज ऐकू येतो. नॉरिचचा बिशप विल्यम ॲल्निक याने १४२८–३१ मध्ये चालविलेल्या चौकशीत मार्टम गावच्या मार्जरी बॅक्स्टर हिच्याविरुद्ध अशी साक्ष झाली, की तिने शेजारणीस रात्री गुपचूप आपल्या खोलीत बोलाविले होते. तेथे तिचा नवरा ख्रिस्ताचा नियम वाचून दाखवीत असे. तिला फटक्यांची शिक्षा झाली. निरक्षर माणसेही या बैठकांतून ऐकून ऐकून शुभवर्तमानातील उतारे मुखोद्गत करीत. संशयाचे वातावरण एवढे दाट होते, की सनातनी श्रद्धेची यात्रेकरू मार्जरी केंप हिलाही लॉलर्ड ठरवून धर्माधिकाऱ्यांपुढे उभे करण्यात आले. रेजिनल्ड पीकॉक या बिशपाची गत अधिक विलक्षण झाली. लॉलर्डांना जाळण्यापेक्षा युक्तिवादाने जिंकावे म्हणून त्याने त्यांच्याच भाषेत, इंग्रजीत ग्रंथ लिहिले. १४५७ मध्ये तोच पाखंडी ठरला. त्याची पुस्तके लंडनमध्ये जाळण्यात आली व त्याला थॉर्नी मठात कोंडण्यात आले.

विक्लिफची मते प्रागपर्यंत पोहोचून यान हुसच्या चळवळीस प्रेरक ठरली. कॉन्स्टन्सच्या धर्मपरिषदेने १४१५ मध्ये हुसला जाळले आणि विक्लिफची हाडे उकरण्याचा आदेश दिला. तो १४२८ मध्ये अमलात येऊन हाडांची राख स्विफ्ट नदीत टाकण्यात आली. इंग्लंडात मात्र चिल्टर्न टेकड्या, कॉव्हेंट्री, केंट व एसेक्स येथील गट टिकून राहिले. १५२६ मध्ये टिंडलचा मुद्रित इंग्रजी नवा करार देशात येऊ लागला. त्या सुमारास एसेक्समधील स्टीपल बम्पस्टेड गावचे दोघे लॉलर्ड लंडनला रॉबर्ट बार्न्झ या सुधारणावादी भिक्षूकडे गेले व पिढ्यान्‌पिढ्या जपलेली आपली शुभवर्तमानांची जुनी हस्तलिखिते त्यांनी त्याला दाखविली. बार्न्झने ती तुच्छ लेखली. छापील इंग्रजी त्याहून स्वच्छ आहे, असे त्याचे म्हणणे होते. त्यांनी त्याच्याकडून नवे पुस्तक विकत घेतले व ते गावी परतले.