बाऊजींचा होकार

मुलीची आई लाजो दागिने घेऊन येते आणि मुलीच्या प्रियकराला, राजला सांगते, हिला घेऊन आत्ताच्या आत्ता निघून जा. तो ऐकत नाही. तिच्या वडिलांनी, बाऊजींनी स्वतः हिचा हात माझ्या हातात दिला तरच नेईन, असा त्याचा हट्ट. ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’ २० ऑक्टोबर १९९५ ला लागला. मी तेव्हाही लाजोच्या बाजूची होते, आजही आहे. त्या घरात व्यवहार कळणारी ती एकटीच बाई.

त्याआधी हिंदी सिनेमातली पोरं सरळ पळून जायची. ‘कयामत से कयामत तक’ (१९८८) मधली पळाली आणि जिवानिशी गेली. सूर बदलला तो १९८९ च्या ‘मैंने प्यार किया’पासून. तिथला सलमान मुलीच्या बापासमोर लायकी सिद्ध करायला अंगमेहनतीची कामं करतो. ‘हम आपके हैं कौन’ (१९९४) मध्ये तर प्रेमिक मोठ्यांच्या भल्यासाठी तोंडच उघडत नाहीत. शेवटी चिठ्ठी पोचवतो तो टफी कुत्रा. (अख्ख्या गोतावळ्यात हिंमत त्याच्याच अंगी होती.)

यामागे धंद्याचं गणित होतं. व्हिडिओ आणि मग केबल आल्यावर कुटुंबं थिएटर सोडून घरी बसली होती. त्यांना परत आणायचं तर बापलेकीला शेजारी बसून पाहता येईल असं प्रेम हवं. शिवाय परदेशातल्या भारतीयांच्या खिशातले पौंड-डॉलर खुणावत होते. तिथल्या बापांना मुलगी हातची जाईल ही धास्ती होतीच, म्हणून तर लंडनमध्ये कबुतरांना दाणे टाकणारा बाऊजी चौधरी बलदेव सिंग त्यांना आपला वाटला. आणि त्याच्यापुढे उभा राहणारा जावई कसा? पंजाबी, पैसेवाला, सोयीचा. ना जात आडवी येते, ना धर्म. आडवा येतो फक्त मित्राला दिलेला शब्द. त्याच वर्षी मणिरत्नमच्या ‘बॉम्बे’तले शेखर आणि शैलाबानू मात्र घर सोडून मुंबईत आले आणि लग्न करून मोकळे झाले. त्या वाटेनं पुढे फारसं कुणी गेलं नाही.

आमच्या अण्णांनी मराठा मंदिर थिएटरला डोळे पुसत बाऊजींचा होकार पाहिला. पुढे माझ्या चुलतबहिणीनं परजातीतल्या मुलाशी आळंदीला जाऊन लग्न केलं, तेव्हा त्याच अण्णांनी तिचं नाव टाकलं. आळंदीच का? १९५४ च्या विशेष विवाह कायद्यानं लग्न करायचं तर तीस दिवस आधी नोटीस द्यावी लागते. ती कचेरीच्या फळ्यावर लागली की कुणीतरी ओळखीचा वाचणार आणि संध्याकाळपर्यंत घरी वर्दी. दोघंही हिंदू असतील तर माउलींच्या गावात भटजी, हार, कार्यालय सगळं एका दिवसात जमायचं. या फळ्याची धाकधूक त्या काळातल्या गाजलेल्या प्रेमपटांत मला कधी दिसली नाही. मी अण्णांना एकदा विचारलं, तो राजसारखा विचारायला आला असता तर? म्हणाले, “यायचं होतं. मी दिली नसतीच.”

सिनेमात तोवर होकार देणारी माणसं बदलत गेली, होकार लागायचाच. ‘कुछ कुछ होता है’ (१९९८) मध्ये गेलेली आई पत्रांतून आणि आठ वर्षांची मुलगी प्रत्यक्ष बापाचं जुळवून देते. ‘हम दिल दे चुके सनम’ (१९९९) मध्ये नवराच बायकोला तिच्या प्रियकराकडे इटलीला घेऊन निघतो. (इटली म्हणून दाखवलंय ते बुडापेस्ट.) एवढा उदार नवरा पाहिल्यावर ती त्यालाच निवडते. ऐश्वर्याच्या त्या निर्णयावर आमच्या महिला मंडळात पुष्कळ वाद झाले. मला वाटतं, भन्साळींनी बाऊजींची खुर्ची जावयाला दिली, एवढंच.

मग २००२ मध्ये ‘दिलवाले’ काढणाऱ्या यशराजचाच ‘साथिया’ आला. मूळ मणिरत्नमचा तमिळ ‘अलैपायुते’. दोघं गुपचूप लग्न करून आपापल्या घरी परततात, पुढे बिंग फुटतं, वेगळा संसार मांडतात आणि भांडायला लागतात. चुलतबहिणीला मी मुद्दाम घेऊन गेले होते. “भांडणं बरोबर दाखवलीत,” ती म्हणाली.