मस्टरवर नाव नसलेली माणसं

माझे आजोबा गिरणीत साचेवाले होते आणि तमाशाचे दर्दी. "पगार झाला की तुझा आजा घरी यायच्या आधी लालबागला," आजी सांगायची. वरळीच्या बीडीडी चाळीत आजोबा राहायचे ती साताऱ्याकडच्या माणसांची खोली होती. एकशेसाठ चौरस फुटांत पाळीपाळीनं झोपणारी माणसं. त्यांना गावाची ओढ लागली की ती ढोलकी ऐकायला जायची.

ती ढोलकी वाजायची लालबागच्या हनुमान थिएटरात. मधुकर नेराळे यांच्या वडिलांनी हे थिएटर सुरू केलं, पुढं ते मधुकररावांनी चालवलं. ते स्वतः गाणारे, वगात काम करणारे, आणि तमाशा कलावंतांची परिषद उभी करणाऱ्यांपैकी एक. तमाशाचा फड मुंबईत आला की मुक्काम थिएटरातच. बायका तिथंच चूल मांडायच्या, पोरं तिथंच झोपायची. माझ्या आत्याला खेळ बघायला परवानगी नव्हती, पण दुपारी आजीबरोबर ती तिथं भाकऱ्या पोचवायला जायची. रात्री शालू नेसून उभी राहणारी बाई दुपारी पायाला तेल चोळत बसलेली असायची, हे आत्यानं मला कितीदा तरी सांगितलंय. घुंगरांनी घोटे सोलवटलेले, आणि रात्री पुन्हा तेच घुंगरू बांधायचे.

चाळीतली म्हातारी माणसं तमाशाबंदीची गोष्टही सांगायची. बाळासाहेब खेर मुख्यमंत्री असताना सरकारनं तमाशावर बंदी घातली. कलावंतांनी दाद मागितली, तेव्हा दत्तो वामन पोतदारांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पुढं वगाची संहिता तपासून परवानगी द्यायची पद्धत रुळली. बोर्डावर काय बोलावं, किती बोलावं, पदर कुठं असावा, यावर शहाण्यासुरत्या माणसांनी खूप खल केला. बाईच्या बाळंतपणाचं काय, पाय मोडला तर तिच्या पोरांनी काय खायचं, यावर तेवढ्याच कळकळीनं कुणी बोलल्याचं मात्र या जुन्या माणसांच्या तोंडून मी ऐकलं नाही.

मला हीच गोष्ट सगळ्यात जास्त लागते. समोर बसलेला प्रेक्षक गिरणी कामगार होता. त्याचं नाव मस्टरवर होतं. त्याच्यासाठी १९४८चा राज्य कामगार विमा कायदा होता, १९५२चा भविष्यनिर्वाह निधीचा कायदा होता, भांडायला युनियन होती. हे त्याला फुकट मिळालं नव्हतं, संप करकरून त्यानं ते मिळवलं होतं. पण रात्रभर त्याच्यासाठी नाचणारी बाईही मजूरच होती, आणि तिचं नाव कुठल्याच मस्टरवर नव्हतं. तिच्याकडं होती ती फडमालकाची उचल. हंगामाआधी उचल घ्यायची, दसऱ्यापासून यात्रा संपेपर्यंत ती फेडायची, पावसाळ्यात घरी बसून खायचं आणि पुन्हा उचल घ्यायची.

एकदा फडातली एक बाई तापानं फणफणली. आजोबांनी तिला चाळीत आणलं आणि आपलं विम्याचं कार्ड घेऊन दवाखान्यात गेले. "ही तुमची कोण?" असं विचारल्यावर त्यांना काही सांगता आलं नाही. मग चाळीच्या एका मजल्यावर पट्टी काढून तिचं औषधपाणी झालं. आजी हे अभिमानानं सांगायची, आणि त्यात अभिमान वाटण्यासारखं होतंच. पण याच चाळींतली गावमंडळं गावच्या शाळेसाठी, देवळासाठी तमाशाचे मदतीचे खेळ लावायची. किती गावांतल्या शाळांच्या भिंती या बायांच्या नाचावर उभ्या राहिल्या असतील! त्यांच्या स्वतःच्या दुखण्याला मात्र पट्टीच.

तमाशातल्या विठाबाई नारायणगावकर पोटात बाळ असताना नाचल्या, मध्येच आत जाऊन बाळंत झाल्या, दगडानं नाळ तोडून पुन्हा बोर्डावर यायला निघाल्या, ही हकीकत महाराष्ट्रात घरोघर कौतुकानं सांगितली जाते. मला ती कौतुकानं ऐकवत नाही. राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव झालेल्या या बाईंचं २००२ साली निधन झालं, तेव्हा दवाखान्याचं बिल भागवायला लोकांच्या मदतीचा आधार लागला. त्यांच्या नावाचा जीवनगौरव पुरस्कार राज्य सरकारनं सुरू केला, तो त्यानंतर.

पडद्यावर नाचणाऱ्यांचंही फार वेगळं नव्हतं. आपल्या दादरचे भगवानदादा आधी गिरणी कामगार. १९५१च्या 'अलबेला'नं त्यांना बंगला, गाड्या दिल्या, आणि शेवट झाला तो दादरच्या चाळीतच. तरी सिनेमावाल्यांनी संघटना बांधल्या, १९८१ साली सिनेकामगार कल्याण निधीचा कायदा झाला. फडावरच्या बाईसाठी तसा कायदा नाही. १९८२च्या गिरणी संपानंतर तर तिचा प्रेक्षकच देशोधडीला लागला. हनुमान थिएटर ओस पडत गेलं आणि शेवटी बंद झालं.

तिच्यासाठी आहे ते ज्येष्ठ साहित्यिक आणि कलावंतांचं मानधन. ही योजना १९५४-५५ सालची. आता तिला राजर्षी शाहू महाराजांचं नाव आहे, आणि २०२४पासून महिन्याला ५,००० रुपये मिळतात. त्या पैशांवर औषधं येतात, वाणसामान येतं, ज्यांना मिळतं त्यांना विचारा. पण एका जिल्ह्यातून वर्षाला फक्त १०० जणांची निवड होते, आणि कलेत अनेक वर्षं घालवल्याचा पुरावा लागतो. आयुष्यभर तंबूत राहिलेल्या बाईनं कागद कुठं जपून ठेवायचे? मानधन हवंच, पण ते म्हातारपणाचं. तिशीतल्या नाचणारीला हवा तो विमा, बाळंतपणाची रजा आणि उचलीचा लेखी हिशेब, म्हणजे मस्टरवरच्या माणसाला मिळतं तसं संरक्षण.

वरळीच्या चाळी आता पाडून टॉवर उभे राहताहेत. खोली रिकामी करताना आजोबांच्या ट्रंकेत खेळांची हँडबिलं निघाली, त्यांवर फडाच्या नावाबरोबर नाचणाऱ्या बायांची नावंही छापलेली. आत्यानं त्यांतल्या एकीचा पत्ता लावला. तिच्या मानधनाच्या अर्जाला पुरावा कमी पडत होता. आम्ही त्या हँडबिलाची झेरॉक्स काढून तिच्या अर्जाला जोडली आहे. गिरणगावातल्या अजून किती ट्रंकांत असे कागद असतील. घर हलवताना ते रद्दीत घालू नका, आधी त्यांवरची नावं वाचा.